उखळ

चौदाव्या होलवर, फेअरवेच्या ऐन मध्यावर
एक खड्डा होता. छातीइतका खोल,
मातीच्या ढेपांची भिंत, तळाशी समुद्राची वाळू.
गावात त्याला म्हातारीचं उखळ म्हणत.
कुठली म्हातारी, ते माझ्या बापालाही ठाऊक नव्हतं,
आणि बापाने एकतीस वर्षं त्यात दाताळं फिरवलं,
पुढची एकोणीस मी.

कुणी खणला नव्हता तो.
उत्तरेचं वारं सुटलं की मेंढ्या तिथे अंग घासत बसायच्या,
गवत गेलं, वाळू उघडी पडली,
मग माणसं काठ्या घेऊन आली, चेंडू मारू लागली
आणि म्हणाली, हा अडथळा आहे.

गोष्ट खरी, की त्याला बरं-वाईट कळत नसे.
सरळ, नेटका, श्वास धरून मारलेला चेंडू
उंचवट्यावर एकदा टप्पा घेई
आणि डावीकडे मान वळवून थेट आत.
फ्रेझर मॅकव्हिकरचा मात्र, तारेत वाकडा गेलेला,
कबरस्तानाच्या भिंतीवर आपटून
ग्रीनच्या कडेला येऊन निजे.
चोर सोडून संन्याशाला सुळी,
आणि तीही दर शनिवारी.

सगळ्यांत जास्त वेळा सुळावर चढले ते लॅकलन मन्रो.
इनव्हर्नेसच्या कोर्टात सव्वीस वर्षं न्यायाधीश.
चेंडू सरळच मारत. दुसरं काही त्यांना येतच नसे.
उखळात उतरताना टोपी काढत,
भिंतीशी झगडा न करता मागच्या मागे फटका मारत,
आणि वर आले की आकडा मोठ्याने सांगत: सात.
कुणी विचारलेलं नसताना.

नोव्हेंबरात एडिनबराहून रोरी टेनंट आला, आराखडे घेऊन.
शंभरातले अडतीस चांगले फटके, तो म्हणाला, इथे मरतात.
खड्डा साठ पावलं उजवीकडे न्या.
तिथे फक्त चुकणारे पडतील.
पडद्यावर लाल ठिपके, हिरवे ठिपके.
मी दाराशी उभी, बुटांना चिखल, मताचा हक्क नाही.
फ्रेझर म्हणाला, राहू दे की,
उखळात डोकं घातल्यावर मुसळाला काय भ्यायचं!
सगळे हसले. तो उजवीकडेच मारतो, हे सगळ्यांना ठाऊक.

मग मन्रो उठले. मला वाटलं, हे वाचवतील,
इतकी वर्षं मुकाट उतरणारा माणूस.
ते म्हणाले, "जो अन्याय मला थांबवता येत नव्हता
त्यावर मी सही केली आहे. एकदा नव्हे.
हा थांबवता येतो."
आणि हात वर केला.
नऊ विरुद्ध पाच.

जानेवारीत मी भिंत उतरवली.
ढेपेवर ढेप, ओल्या वहीच्या पानांसारख्या चिकटलेल्या.
बापाचे थर ओळखू आले, तो डावखुरा कापायचा.
अगदी खाली लोकर, काळी पडलेली,
आणि एक दात, मेंढीचा.
बारा ट्रॉल्या माती. वर गवत. रोलर.
त्या रात्री जेवण गेलं नाही.
खड्ड्यासाठी कुणी उपाशी राहतं का?

नवा खड्डा उजवीकडे झाला, नियमात, देखणा.
फ्रेझर त्यात दोनदा पडला
आणि क्लब सोडतो म्हणाला.

मार्चात तीन दिवस वादळ.
चौथ्या सकाळी, जुन्या जागेच्या चाळीस पावलं पुढे
वाऱ्याने टेकाडाची कूस उसवली होती.
आत पाच मेंढ्या, रवंथ करत.
मी कमिटीला कळवायला हवं होतं.
दाताळं आणलं.

एप्रिलचा दुसरा शनिवार. मन्रो एकटेच.
चेंडू सरळ. टप्पा. मग दिसेना.
ते काठावर आले, बराच वेळ खाली बघत राहिले,
मग माझ्याकडे. मी काही बोलले नाही.
टोपी काढली. उतरले.
मी फटक्याची वाट बघत राहिले,
फटका येईना.
जवळ गेले तर वाळूत बसलेले, पाठ टेकून,
चेंडू पायाशी तसाच.

"एफी," म्हणाले,
"इथे वारा लागत नाही."